फिजिओलॉजी पाठ आहे, पण प्रश्न फिरवला की अडतं: दोष कुठे आणि कसा शोधायचा

लक्षणं आधी सांगते, कारण समोरचा विद्यार्थी याच दुखण्याचा आहे का, हे पहिल्यांदा ठरवावं लागतं.

वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मुलगी समोर बसते. "रेस्टिंग मेम्ब्रेन पोटेन्शियल किती?" विचारलं की उत्तर तयार: "उणे सत्तर मिलिव्होल्ट, मॅडम." स्वस्थ पेशीच्या पडद्याच्या आत-बाहेर असलेला विजेचा फरक, ही व्याख्या शब्द न् शब्द बरोबर. मग विचारावं, "पेशीबाहेरचं पोटॅशियम दुप्पट झालं तर हा आकडा कुठे सरकेल?" की ती मान खाली घालते. थोड्या वेळाने पुन्हा तीच व्याख्या म्हणायला लागते, या वेळी जरा भरभर.

बाकीच्या खुणा अशा. वहीतला आलेख सुरेख असतो, पण अक्षांची नावं बोटाने झाकली तर तो कशाचा ते सांगता येत नाही. पुस्तकाच्या शब्दांत विचारलेला प्रश्न सुटतो, तोच आपल्या शब्दांत विचारला की सुटत नाही. 'वाढेल' असं उत्तर आल्यावर तुम्ही नुसतं "नक्की?" म्हणा, लगेच 'कमी होईल' होतं. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे नर्व्ह-मसलला जे अडलं तेच पुढे ईसीजीला अडतं, मग किडनीला अडतं. मुलाला दर वेळी वाटतं की हा नवा चॅप्टर अवघड आहे. अडलेली गोष्ट मात्र जुनीच असते.

ज्याने पुस्तक उघडलेलंच नाही त्याच्यासाठी हे लेखन नाही. त्याला अभ्यासाला बसवणं हे वेगळं काम आहे. मी बोलते आहे ती रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचून, तरी ट्युटोरियलला गप्प बसणाऱ्या मुलांबद्दल. सरकारी मेडिकल कॉलेजात सोळा वर्षं पहिल्या वर्षाला फिजिओलॉजी, म्हणजे शरीर कसं चालतं त्याचं शास्त्र, शिकवते आहे. दर वर्षी नवी बॅच, दुखणं तेच. या मुलांच्या बुद्धीत काही कमी नसतं. साखळीतली एखादीच कडी सुटलेली असते, आणि ती अडलेल्या जागेच्या बरीच मागे असते.

आपण शिक्षक काय करतो? अडलं की अख्खं लेक्चर पुन्हा घेतो. तो सगळ्यात महाग उपाय, आणि बहुतेक वेळा त्याने काही हलत नाही. कारण सुटलेली कडी दुसऱ्यांदाही सुटलेलीच राहते. म्हणून खालचा क्रम पाळा. वरच्या तपासण्यांना दोन मिनिटं लागतात, खालच्यांना तास आणि परवानग्या लागतात. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांचं काम पहिल्या तिनातच होतं.

पहिली तपासणी: दिसतं का, ऐकू येतं का

दीडशे-दोनशे मुलांचा हॉल, मागचा बाक, स्लाइडवर बारीक अक्षरं. "तिथून वाचून दाखव" एवढंच म्हणा. एका मुलाला मी दोन महिने 'कन्सेप्ट क्लिअर नाहीत' या सदरात टाकून ठेवलं होतं. त्याला चष्म्याचा नंबर होता, ओपीडीत डोळे तपासून आला आणि पुढच्या बाकावर बसू लागला. बाकी काही करावं लागलं नाही.

दुसरी तपासणी: शब्दाचा अर्थ तिच्या भाषेत

हिला पैसा लागत नाही आणि दोष सर्वांत जास्त वेळा इथेच सापडतो. अडलेल्या परिच्छेदातले चार-पाच मुख्य शब्द निवडा आणि विचारा, "हा शब्द आईला सांगायचा तर कसा सांगशील?"

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली एक मुलगी मेम्ब्रेन पोटेन्शियलला पुन्हा पुन्हा अडत होती. मी विचारलं, "पोटेन्शियल म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "क्षमता, मॅडम." शाळेतले सर तिच्या वडिलांना म्हणायचे, पोरीत पोटेन्शियल आहे. तोच अर्थ घेऊन ती महिनाभर वाचत होती: पेशीची क्षमता उणे सत्तर आहे. कुठल्याही वाक्याला अर्थ लागणार कसा? मी फळ्यावर 'विभवांतर' असं लिहिलं. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "म्हणजे बॅटरीच्या दोन टोकांत असतं ते?" शाळेच्या विज्ञानात हे सगळं तिने शिकलेलं होतं. विभवांतर, रोध, विसरण, परासरण हे तिचे ओळखीचे शब्द होते. पोटेन्शियल, रेझिस्टन्स, डिफ्युजन, ऑस्मोसिस ही त्यांचीच इंग्रजी नावं आहेत, हे मात्र तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिला शिकवायचं फार थोडं होतं, जोडून द्यायचं होतं.

इंग्रजी माध्यमातली मुलंही इथेच घसरतात, फक्त त्यांचं घसरणं दिसत नाही, कारण ती शब्द सफाईने उच्चारतात. 'ऑक्सिजन टेन्शन' ऐकून ताण आठवतो, तिथे टेन्शन म्हणजे दाब. 'कॉम्प्लायन्स' म्हणजे नियम पाळणं वाटतं. फुप्फुस किती सहज फुगतं, म्हणजे दाब एवढासा वाढवला तर आकारमान किती वाढतं, हे तिथे डोक्यात येत नाही.

याच तपासणीत एक छोटी चाचणी घालून घ्या. विचारा, "उणे सत्तरवरून उणे नव्वदवर गेलं, तर पोटेन्शियल वाढलं की कमी झालं?" अर्धा वर्ग 'वाढलं' म्हणेल, अर्धा 'कमी झालं', आणि दोघांकडेही आपापलं कारण असेल. तेव्हा या विषयात 'वाढलं-कमी झालं' हे शब्दच बंद करा. 'शून्याकडे सरकलं' आणि 'शून्यापासून लांब गेलं' असं बोलायला लावा. डीपोलरायझेशन (शून्याकडे सरकणं) आणि हायपरपोलरायझेशन (शून्यापासून लांब जाणं) यांचा निम्मा गोंधळ तिथल्या तिथे मिटतो.

तिसरी तपासणी: एकक विचारा

हीसुद्धा दोन मिनिटांची. किडनीच्या धड्यातून विचारा, "क्लिअरन्सचं एकक काय?" पाठ असल्यामुळे उत्तर येतं, "मिलिलिटर पर मिनिट." मग विचारा, "क्लिअरन्स म्हणजे किती क्रिएटिनिन बाहेर गेलं ते ना?" मुलं बिनदिक्कत हो म्हणतात. आता पुढे सरकू नका. क्रिएटिनिन हा स्नायूंतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ, तो आपण मिलिलिटरमध्ये मोजतो का? मग हे मिलिलिटर कशाचे? इथे मुलांना स्वतःला बोलू द्या. मिनिटभर कुणी बोलणार नाही, पण थांबा. शेवटी कुणीतरी म्हणतंच, "प्लाझ्माचे?" बरोबर, रक्तातल्या पेशी वगळून उरणाऱ्या द्रवाचे. मिनिटाला जेवढा प्लाझ्मा क्रिएटिनिनपासून पूर्ण साफ झाला असं म्हणता येईल, तो हा आकडा. निरोगी तरुणात साधारण १२० मिलिलिटर.

एकक हे संकल्पनेचं नाव-गाव आहे. ते समजलं की व्याख्या पाठ करावी लागत नाही. इथेच मुलांना सांगा की किडनीने मिनिटाला १२५ मिलिलिटर गाळणं म्हणजे दिवसाला १८० लिटर, आणि शरीरातला सगळा प्लाझ्मा मिळून जेमतेम ३ लिटर. म्हणजे तोच प्लाझ्मा दिवसातून ६० वेळा गाळला जातो आणि लघवी होते दीड लिटर. हे गणित स्वतःच्या हाताने केलेलं मूल रीअ‍ॅब्सॉर्प्शन (गाळलेलं परत रक्तात शोषून घेणं) का शिकायचं हे पुन्हा विचारत नाही.

चौथी तपासणी: 'कशासाठी' की 'कशामुळे'

सोळा वर्षांत मला सापडलेला सगळ्यात मोठा दोष हा आहे, आणि मराठीत तो पकडणं फार सोपं आहे.

विचारा, "व्यायाम करताना हृदयाचे ठोके का वाढतात?" उत्तर येतं: "स्नायूंना जास्त ऑक्सिजन लागतो म्हणून." हे उत्तर ऐकायला बरोबर वाटतं. पण हे 'कशासाठी'चं उत्तर आहे. स्नायूला ऑक्सिजन हवा आहे हे हृदयाला कळलं कसं? कुणी सांगितलं, कुठल्या वाटेने? ते 'कशामुळे'. फिजिओलॉजी हे 'कशामुळे'चं शास्त्र आहे, आणि आपली मुलं बारावीपर्यंत बहुतेक 'कशासाठी'वर पास होत आलेली असतात.

'कशासाठी'वर भागत का नाही, हे दाखवायला एक प्रश्न पुरतो. हिमोग्लोबिन १५ वरून हळूहळू ७ वर आलेली एक बाई शांत बसली आहे. तिच्या रक्तातला ऑक्सिजन निम्म्याहून कमी झाला आहे. कॅरोटिड बॉडी (मानेतली, रक्तातल्या ऑक्सिजनवर नजर ठेवणारी छोटी गाठ) त्यामुळे चिडेल का, त्या वाटेने श्वास वाढेल का? 'शरीराला ऑक्सिजन हवा' या तर्काने जाणारं मूल ठामपणे 'हो' म्हणतं. पण कॅरोटिड बॉडीला जाणवतो तो ऑक्सिजनचा अंशतः दाब, म्हणजे एकट्या ऑक्सिजनचा दाब, आणि तिच्या धमनीत तो ठणठणीत पाऱ्याचे १०० मिलिमीटर आहे. कमी झालंय ते ऑक्सिजन वाहून नेण्याचं साधन. गरज आहे, पण गरजेची खबर त्या वाटेने पोचत नाही. इथे मुलं थबकतात. हे थबकणं मला हवं असतं.

उपाय साधा आहे. एक महिना मुलाला उत्तरात 'म्हणून' आणि 'साठी' हे शब्द वापरू देऊ नका. प्रत्येक पायरी 'त्यामुळे'ने जोडायला सांगा. उभं राहिल्यावर नाडी का वाढते? गुरुत्वामुळे अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांकडे उतरतं, त्यामुळे हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, त्यामुळे एका ठोक्यातलं रक्त घटतं, त्यामुळे दाब उतरतो, त्यामुळे कॅरोटिड सायनसची (मानेतल्या धमनीतली दाब ओळखणारी जागा) भिंत कमी ताणली जाते, त्यामुळे तिथून मेंदूकडे जाणारे संदेश कमी होतात, त्यामुळे व्हेगस या हृदय मंदावणाऱ्या नसेचा लगाम सैल होतो आणि हृदयाला वेग देणारी सिम्पथेटिक चेतासंस्था जोर धरते, त्यामुळे नाडी वाढते. मी या पायऱ्या चिठ्ठ्यांवर लिहून, पिसून मुलांपुढे टाकते आणि एक चिठ्ठी मुद्दाम लपवून ठेवते. नेमकी कोणती कडी नाही हे ज्याला सांगता येतं त्याला ही साखळी आली असं मी धरते. जुन्या प्रिस्क्रिप्शनच्या पाठकोऱ्या कागदांवर हे काम होतं.

पाचवी तपासणी: उत्तर सांगण्याआधी अंदाज लिहून घ्या

आता जरा वेळ लागेल, पंधरा-वीस मिनिटं. धडा शिकवण्याआधी प्रश्न द्या आणि तीनच पर्याय ठेवा: वाढेल, कमी होईल, तेच राहील. कारण एका ओळीत, पेनने. पेन्सिल नको, मागून कुणी खोडायचं नाही.

मी लेहचा प्रश्न देते. साडेतीन हजार मीटरवर हवेतल्या ऑक्सिजनची टक्केवारी किती? बहुतेक जण 'कमी होईल' लिहितात, काही पंधरा टक्के असा आकडाही देतात. टक्केवारी २१ च असते. उतरतो तो हवेचा एकूण दाब, समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंत, आणि त्याबरोबर ऑक्सिजनचा वाटाही १६० वरून १०५ मिलिमीटरच्या आसपास येतो. 'तेच राहील' हा पर्याय मुलं जवळजवळ कधीच निवडत नाहीत, कारण परीक्षेत काहीतरी बदलतंच असा त्यांचा अनुभव आहे. काय बदलत नाही हे ओळखता येणं हा समजुतीचा चांगला पुरावा आहे, म्हणून असे प्रश्न मुद्दाम ठेवा.

अंदाज लिहून घेण्याचं कारण असं की चुकीची कल्पना डोक्यात असताना बरोबर उत्तर ऐकलं, तर मूल मान डोलावतं आणि दोन्ही कल्पना शेजारी-शेजारी ठेवून देतं. परीक्षेत नवी आणि नंतर वॉर्डात जुनी वर येते. स्वतःच्या अक्षरातलं चुकीचं उत्तर समोर दिसलं की जुनी कल्पना सोडावी लागते. चुकलेल्याला वर्गात हसू देऊ नका. एकदा कुणी हसलं की पुढच्या वेळी तो मुलगा शेजाऱ्याचं बघून लिहील आणि तुमच्या हातातून निदानच जाईल.

सहावी तपासणी: उपमा कुठे मोडते

आपण सगळे उपमा देतो. त्या द्यायलाच हव्यात. पण उपमा अर्धवट सोडली तर तीच नवा दोष तयार करते.

ऑक्सिजनसाठी मी एसटी स्टँड वापरते. स्टँडवरची गर्दी म्हणजे अंशतः दाब. गाड्यांमधल्या जागा म्हणजे हिमोग्लोबिन. शंभरातल्या किती जागा भरल्या ते सॅच्युरेशन, आणि गाड्यांत बसलेली एकूण माणसं म्हणजे कंटेंट. पंडुरोगात गाड्या निम्म्या झाल्या, गर्दी तेवढीच. प्रत्येक गाडी भरूनच सुटते, म्हणून करोनाकाळात घरोघरी घेतलेला तो ऑक्सिमीटर इथेही ९८ दाखवतो, पण गावाला पोचलेली माणसं निम्मीच. आणि गाडीत बसलेला माणूस स्टँडवरच्या गर्दीत मोजायचा नाही. हिमोग्लोबिनला चिकटलेला ऑक्सिजन दाब देत नाही, दाब देतो तो फक्त प्लाझ्मात विरघळलेला, १०० मिलिलिटर रक्तात जेमतेम ०.३ मिलिलिटर. हे एक वाक्य समजावायला पूर्वी मला पाऊण तास लागायचा.

मग लगेच विचारायचं, "ही उपमा कुठे चुकते?" उत्तर मुलांनी काढायचं. एसटीत एक जण बसला म्हणून शेजारची सीट मऊ होत नाही. हिमोग्लोबिनमध्ये मात्र पहिला रेणू बसला की पुढच्याला बसणं सोपं जातं, आणि त्यातूनच डिसोसिएशन कर्व्हला (दाबानुसार सॅच्युरेशन दाखवणाऱ्या आलेखाला) तो एस-आकार येतो. उपमा मोडते तिथेच नवा धडा सुरू होतो. ज्या मुलाला ती मोडलेली जागा दाखवता आली नाही, त्याला अजून फक्त एसटी समजली आहे.

सातवी तपासणी: मागचं गणित, आणि मेम्ब्रेन पोटेन्शियल पायापासून

इथवर येऊनही अडत असेल तर एका मुलाला किंवा दोघा-तिघांना घेऊन तासभर बसा. वर्गात हे होत नाही.

बारावीला गणित न घेता बी ग्रुपने आलेली बरीच मुलं 'लॉग' दिसला की पान उलटतात. त्यांना लॉगचं पुस्तक नको, एवढंच सांगा: पडद्याच्या आत-बाहेर दहापट फरक म्हणजे ६१ मिलिव्होल्ट, शंभरपट म्हणजे १२२. पोटॅशियम आत १४०, बाहेर ४. किती पट? ३५ पट. म्हणजे उत्तर ६१ आणि १२२ च्या मध्ये कुठेतरी. नर्न्स्टच्या सूत्राने ते ९४ येतं. मुलाने आधी 'साठ ते एकशे वीसच्या मध्ये' म्हटलं आणि मग सूत्र लावलं, की सूत्राची भीती जाते.

मग कागदावर एक चौकट, म्हणजे पेशी. आत १४० पोटॅशियम, बाहेर ४, प्रत्येक पोटॅशियमसोबत एक ऋणभार, दोन्हीकडे भार जुळलेले. पडदा पूर्ण बंद. "आता व्होल्टेज किती?" शून्य. हे शून्य मुलाच्या तोंडून आल्याशिवाय पुढे जाऊ नका. आता फक्त पोटॅशियमला जाता येईल अशी भोकं पाडा. मी घरची पुरणाची चाळण नेते: मुगाचे दाणे अडतात, खसखस खाली पडते. पोटॅशियम बाहेर निघालं, कारण बाहेर ते कमी आहे. एक धनभार बाहेर गेला, सोबतचा ऋणभार आत अडकला. आत ऋण झालं. आता पुढच्या पोटॅशियमला आतला ऋणभार मागे ओढतो. बाहेर ढकलणारा जोर आणि मागे ओढणारा जोर सारखे झाले की निव्वळ जा-ये थांबते. त्या क्षणाचं विभवांतर उणे ९४. खरी नर्व्ह उणे सत्तरला असते, कारण पडद्यातून थोडं सोडियमही आत झिरपतं.

इथे दोन गैरसमज दर बॅचला निघतात. पहिला: उणे सत्तर सोडियम-पोटॅशियम पंपामुळे येतं, कारण तो तीन बाहेर टाकतो आणि दोन आत घेतो. पंपाचा थेट वाटा थोड्या मिलिव्होल्टचाच असतो. त्याचं मोठं काम १४० आणि ४ हा फरक टिकवून धरणं. म्हणून पंप बंद पाडला तरी विभवांतर तत्क्षणी नाहीसं होत नाही, फरक ओसरेल तसं हळूहळू ओसरतं. दुसरा: एवढं पोटॅशियम बाहेर गेलं तर आतलं संपत कसं नाही? कारण हे विभवांतर उभं राहायला लागणारे आयन एकूण साठ्याच्या मानाने नगण्य असतात. पडदाच काही नॅनोमीटरचा आहे, एवढ्याशा अंतरावर थोडक्या भारानेही प्रचंड विद्युतक्षेत्र तयार होतं.

आता सुरुवातीचा प्रश्न परत विचारा. बाहेरचं पोटॅशियम ४ चं ८ झालं तर? बाहेर ढकलणारा जोर कमी झाला, म्हणून थोड्याच ऋणभारावर तोल साधेल. उणे ९४ ऐवजी उणे ७६. शून्याकडे सरकलं. क्षमता-क्षमता करणारी ती मुलगी इथपर्यंत स्वतः आली आणि पुढे तिनेच विचारलं, "मॅडम, म्हणजे थ्रेशोल्ड, पेशी पेटते ती पातळी, जवळ आली. मग हृदय जास्त जोरात चालायला हवं, पोटॅशियम वाढल्यावर ते बंद का पडतं?" हा प्रश्न मुलाने आपणहून विचारला की मी दोष दुरुस्त झाला असं समजते. उत्तर असं की पडदा बराच वेळ शून्याकडे सरकलेला राहिला, तर सोडियमच्या वाटा उघडून मिटतात आणि मिटलेल्याच राहतात. पुढच्या ठोक्याला त्या उपलब्ध नसतात.

कोकणातली मुलं असली तर मी त्यांना माकूल आठवायला सांगते. हॉजकिन आणि हक्सली यांनी हे सगळं माकुलाच्या नर्व्हवर मोजलं, कारण तिचा एक तंतू अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतो आणि त्यात इलेक्ट्रोड सरकवता येतो. १९५२ मध्ये त्यांचे निबंध आले, १९६३ मध्ये नोबेल मिळालं. ज्या वस्तूचं घरी कालवण होतं तिच्यात हे मोजलं गेलं, हे कळल्यावर 'मिलिव्होल्ट' हा शब्द पुस्तकातून बाहेर येतो.

आठवी तपासणी: शरीरावर आणि वॉर्डात

पाच मिनिटं आडवं पडून नाडी मोजा, उभं राहून पुन्हा मोजा. तरुण मुलांत मिनिटाला दहा ते वीसने वाढलेली दिसते. श्वास रोखा आणि कोणत्या क्षणी राहवत नाही ते बघा, मग विचारा की ते ऑक्सिजन कमी झाल्यामुळे की कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. यंत्र काही लागत नाही, पण आधीच्या पायऱ्या झालेल्या असाव्या लागतात, नाहीतर हा नुसता खेळ होतो.

वॉर्ड सगळ्यात शेवटी. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी रुग्ण दाखवायची सोय आहे, तिचा उपयोग करा. डायलिसिस चुकवलेल्या रुग्णाचा ईसीजी, त्याच्या संमतीने, चार-पाच मुलांनाच. साचलेल्या पोटॅशियममुळे टोकदार झालेली टी-वेव्ह (ईसीजीतली एक लाट) बघताना जिच्या डोक्यात ती चौकट आणि ती चाळण आहे तिला ४ चं ८ होताना दिसतं. बाकीच्यांना एक कागद दिसतो.

दुरुस्ती टिकली का हे त्याच दिवशी कळत नाही. तीन आठवडे थांबा आणि तोच प्रश्न दुसऱ्या चॅप्टरच्या वेषात विचारा.

कुठे थांबायचं

प्रात्यक्षिकात चक्कर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच आडवं करा, पाय उंच करा आणि प्रयोग तिथेच संपवा. दमा, हृदयविकार किंवा फिट्सचा त्रास असलेल्या मुलाला मोजणारा करा, प्रयोग त्याच्यावर नको. भरभर खोल श्वास घेऊन मग श्वास रोखण्याचा प्रकार कुणालाच करू देऊ नका, पाण्यात तर कधीच नाही. कार्बन डायऑक्साइड आधीच धुऊन निघाल्याने श्वास घ्यावासा वाटायच्या आत शुद्ध हरपू शकते.

मुलं घरच्यांचे रिपोर्ट घेऊन येतात. "आजोबांचं पोटॅशियम साडेसहा आलंय, केळी बंद करायला सांगू का?" इथे शिकवायला बसू नका. आजोबांना आत्ता, याच क्षणी रुग्णालयात न्यायला सांगा, ईसीजी आणि उपचार तिथले डॉक्टर बघतील.

तीन-चार बैठकांनंतरही मूल तोंडी सगळं बरोबर सांगतं, पण वाचताना ओळी सुटतात, अक्षरांची उलटापालट होते, लिहिताना फार वेळ लागतो, तर तुमच्या समजावण्याने ते सुटणार नाही. ती वाचनाची अडचण असू शकते आणि तिची तपासणी मानसोपचार विभागातले तज्ज्ञच करतात. मेडिकलला आलेल्या मुलाला हे असू शकत नाही असं गृहीत धरू नका.

आणि झोप उडाली आहे, मेसमध्ये दिसत नाही, फोन उचलत नाही, प्रॅक्टिकलला येऊन कोपऱ्यात रडते, किंवा "माझ्याने होणार नाही, सगळं संपवून टाकावं" असं काही बोलली, तर फिजिओलॉजी तिथेच बाजूला ठेवा. तिला एकटं सोडू नका. मेंटरला आणि वॉर्डनला त्याच वेळी कळवा, मानसोपचार विभागात स्वतः सोबत जा. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. राहिलेली ट्युटोरियल नंतर भरून निघतात. मी स्वतः मुलांना घेऊन बसून ती भरून काढली आहेत.